जहाज उचलणारं पाणी: तरंगती गोदी कशी चालते

दहा हजार टनांचं जहाज उचलायला क्रेन लागत नाही, पंप लागतो. तरंगत्या गोदीची सगळी गंमत या एका वाक्यात आहे, आणि सगळी जोखीमही.

आधी जहाज उचलायचंच कशाला, ते पाहू. जहाजाचं जे बिघडतं, त्यातलं बरंच पाण्याखाली असतं. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, रंग निघतो, पत्रा गंजून पातळ होतो, प्रोपेलरची पाती खरवडली जातात, सुकाणूचे सांधे सैल होतात. मालवाहू जहाजांच्या तळाची तपासणी तर नियमानेच दर 5 वर्षांत दोनदा करावी लागते. पाणबुडे काही कामं करू शकतात, पण पाण्याखाली पत्रा बदलून नवा रंग चढवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. मग दोनच मार्ग उरतात. जहाजाभोवतीचं पाणी काढायचं, नाहीतर पाण्यातून जहाज काढायचं. किनाऱ्यावर खणलेली सुकी गोदी पहिला मार्ग धरते: जहाज आत, दार बंद, पाणी बाहेर. तरंगती गोदी दुसरा मार्ग धरते. ती स्वतः बुडते, जहाजाच्या खाली जाते आणि त्याला पाठीवर घेऊन वर येते.

ही युक्ती जुनी आहे. 1690 च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये जड जहाजं बंदराजवळच्या उथळ गाळावरून पलीकडे न्यायला लाकडी पेट्यांची जोडी वापरात आली. पेट्यांमध्ये पाणी भरून त्या जहाजाच्या दोन्ही कुशींना बांधायच्या, मग पाणी उपसायचं. पेट्या वर येत आणि त्यांच्यासोबत जहाजही काही फूट वर येई. लोक त्या पेट्यांना ‘उंट’ म्हणत. आजच्या गोदीत उंटाच्या जागी पोलाद आलं आणि माणसांच्या हातपंपाच्या जागी विजेचे पंप आले. तत्त्व बदललेलं नाही.

खणलेली गोदी सोडून तरंगती कोण घेतं? जिथे खणता येत नाही, तिथले लोक. बर्म्युडा बेटाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथला चुनखडीचा खडक इतका सच्छिद्र, की खड्डा खणला तर पाणी झिरपत राहणार. म्हणून ब्रिटिशांनी 381 फूट लांबीची लोखंडी तरंगती गोदी इंग्लंडमध्ये बांधली आणि 1869 मध्ये ती युद्धनौकांकरवी ओढत अटलांटिकपार नेली. शेवटच्या टप्प्यात ओढणाऱ्यांत ‘वॉरियर’ आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ होत्या. गोदीसारखी वास्तू एका बंदरातून उचलून दुसऱ्या बंदरात नेता येते, हा फायदा पुढे युद्धात फार मोलाचा ठरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने पॅसिफिकमधल्या बेटांवर तुकड्यातुकड्यांच्या गोद्या नेल्या. सगळ्यात मोठ्या गोदीचे 10 तुकडे तिथे जोडले की 900 फुटांहून लांब आणि 90,000 टन उचलणारी गोदी तयार होई. ओढत नेताना वारा कमी लागावा आणि वजन खाली राहावं म्हणून बाजूच्या भिंती आडव्या पाडून ठेवत, आणि जागेवर पोचल्यावर उभ्या करत.

खोका आणि दोन भिंती

गोदी समोरून पाहिली तर ‘यू’ अक्षरासारखी दिसते. खालचा आडवा भाग म्हणजे पाँटून. हा एक प्रचंड, बंद, चपटा पोलादी खोका असतो आणि जहाज त्याच्या पाठीवर बसतं. दोन्ही बाजूंना उंच, अरुंद भिंती असतात. पुढची आणि मागची टोकं उघडी, त्यामुळे जहाज गोदीपेक्षा थोडं लांब असलं तरी दोन्हीकडे बाहेर डोकावू शकतं.

उचलण्याचं खरं काम पाँटून करतो. मग भिंती कशासाठी? मला स्वतःला आधी वाटायचं, त्या क्रेन उभ्या करायला आणि माणसांना चालायला असतील. ते काम त्या करतातच, पण त्या नसत्या तर ही गोदी एकदाही बुडून सरळ वर आली नसती. त्याकडे येऊच. आधी हिशेब.

एक काल्पनिक गोदी घेऊ. पाँटून 150 मीटर लांब, 36 मीटर रुंद, 4 मीटर उंच. जहाज घेऊन वर आल्यावर पाँटूनची पाठ पाण्याच्या निदान 30 सेंटिमीटर वर हवी, नाहीतर प्रत्येक लाटेला कामगारांचे पाय भिजणार. म्हणजे 3.7 मीटर पाण्यात. 150 गुणिले 36 गुणिले 3.7, म्हणजे 19,980 घनमीटर. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण 1.025 टन भरतं, तेव्हा गोदी सुमारे 20,480 टन पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या नियमाने एवढंच वजन ती तोलून धरू शकते. त्यातून गोदीचं स्वतःचं वजन 8,500 टन वजा करा. टाक्यांच्या तळाशी पंपाला न ओढता येणारं आणि गोदी समतोल ठेवायला मुद्दाम ठेवलेलं पाणी मिळून 1,000 टन वजा करा. उरले जवळपास 11,000 टन. ही झाली उचलण्याची क्षमता.

आता बुडण्याचा हिशेब. जहाज 7 मीटर पाण्यात बसलेलं आहे. त्याच्याखाली दीड मीटर उंचीचे ठोकळे, आणि ठोकळ्यांना न घासता आत सरकायला अर्धा मीटर मोकळी जागा. त्यात पाँटूनचे 4 मीटर मिळवले की 13 मीटर झाले. म्हणजे गोदीने 13 मीटर खोल जायला हवं, आणि तरीही भिंतींचा माथा पाण्याच्या किमान 1 मीटर वर राहायला हवा. गोदीखालच्या समुद्रतळाची खोली त्याहूनही जास्त लागते. गाळ साचून ती खोली कमी होत गेली, तर एके दिवशी गोदी पुरती बुडण्याआधीच तळाला टेकते. म्हणून गोदीखालचा खड्डा अधूनमधून उपसत राहावा लागतो. तरंगत्या गोदीचा हा खर्च कागदावर पटकन दिसत नाही.

भिंती प्रत्येकी 4 मीटर रुंद धरल्या, तर 13 मीटर खोलीवर गोदी सुमारे 33,200 टन पाणी सारते. तिचं स्वतःचं वजन 8,500 टन. उरलेले जवळजवळ 24,700 टन पाणी टाक्यांमध्ये भरावं लागतं. पाँटून पूर्ण भरतो आणि भिंतींच्या खालच्या भागातही पाणी चढतं. वर येताना यातले 23,700 टन बाहेर फेकायचे. अडीच तासांत काम उरकायचं तर तासाला साडेनऊ हजार टन पाणी उपसणारे पंप हवेत.

मधला धोक्याचा टप्पा

उचलणं एवढंच असतं तर इथे थांबता आलं असतं. पण पाण्यावरच्या वस्तूला तरंगत राहण्याबरोबर सरळही राहावं लागतं, आणि डॉकमास्टरच्या, म्हणजे गोदी चालवणाऱ्या प्रमुखाच्या, कपाळावरच्या आठ्या या दुसऱ्या गोष्टीमुळे असतात.

वस्तू कलली की परत सरळ का होते? कललेल्या बाजूला जास्त भाग पाण्यात जातो, तिथला वरचा रेटा वाढतो आणि तो तिला मागे ढकलतो. हा रेटा किती जोरकस, ते पाण्याच्या पातळीवर वस्तूचा किती आणि कुठला भाग आहे यावर ठरतं. ‘कुठला’ हे जास्त महत्त्वाचं. मध्यरेषेपासूनचं अंतर या गणितात वर्ग होऊन येतं, म्हणून कडेला असलेली एक चौरस मीटर जागा मध्याजवळच्या कित्येक चौरस मीटरांना भारी पडते. पाय फाकवून उभा असलेला माणूस ढकलायला अवघड जातो, तसंच काहीसं.

पाँटूनची पाठ पाण्याच्या वर असते तेव्हा पाण्याच्या पातळीवर 36 मीटर रुंदीचा अख्खा खोका असतो, म्हणजे 5,400 चौरस मीटर. गोदी अगदी ठाम उभी असते. पाठ पाण्याखाली गेली की पातळीवर उरतात फक्त दोन भिंतींचे पट्टे, मिळून 1,200 चौरस मीटर, पूर्वीच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त. पण ते पट्टे अगदी कडेला आहेत. हिशेब केला तर सरळ ठेवणारी ताकद पाचव्या हिश्शावर येत नाही, निम्म्याहून थोडी जास्त टिकते. भिंती कडेला का बांधतात, त्याचं हे उत्तर.

क्षेत्रफळ घटल्याचा आणखी एक परिणाम होतो. पाठ वर असताना गोदी 1 सेंटिमीटर खाली न्यायला 55 टन पाणी लागतं. पाठ बुडाली की तेवढ्याच खोलीला 12 टन पुरतात. तोच व्हॉल्व्ह, तेवढाच उघडा, पण गोदी आता चौपटीहून जास्त वेगाने खाली जाते. नवख्या माणसाला हा बदल दचकवतो.

आता जहाज आत घेऊ. ते स्वतःच्या बळावर तरंगत, दोरांनी ओढत, भिंतींच्या मधोमध आणलं जातं. पंप सुरू होतात, गोदी वर येते आणि ठोकळे जहाजाच्या कण्याला, म्हणजे कीलला, टेकतात. या क्षणापासून जहाजाचं वजन पाण्याकडून ठोकळ्यांकडे जायला लागतं. तळाला खालून कुणी रेटा दिला, की जहाजाच्या दृष्टीने ते तळातलं वजन काढून टाकल्यासारखं असतं, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य जणू वर सरकतो. जहाज हळूहळू अस्थिर होत जातं. पूर्ण अस्थिर होण्याच्या आत बाजूचे ठोकळे त्याच्या कुशीला लागलेच पाहिजेत.

जहाज मागच्या बाजूला जरा जास्त खोल बसलेलं असेल, तर आधी मागचं टोक टेकतं आणि सगळा भार पहिल्या एकदोन ठोकळ्यांवर येतो. खणलेल्या गोदीत यावर उपाय एकच: जहाजातली वजनं हलवून ते आधीच समतल करून आणायचं. तरंगत्या गोदीत मात्र गोदीलाच थोडा उतार देऊन ठोकळ्यांची रांग कीलशी समांतर करता येते. तरंगत्या गोदीची ही सोय मला सगळ्यात देखणी वाटते. पाहुण्याला वाकायला न लावता यजमानच वाकतो.

जहाज पक्कं बसलं की जहाज आणि गोदी मिळून एकच वस्तू होते, आणि मग तो मधला टप्पा येतो. पाणी कीलच्या खाली उतरलेलं आहे, म्हणजे जहाजाचा पाण्याशी संबंध संपला. पाँटूनची पाठ अजून वर आलेली नाही. हजारो टनांचं जहाज उंच ठोकळ्यांवर बसलंय आणि सगळं तोलून धरायला फक्त ते दोन पट्टे आहेत. बहुतेक गोद्यांमध्ये स्थैर्य सर्वांत कमी असतं ते इथेच, कील पाण्याबाहेर आल्यापासून पाँटूनची पाठ पृष्ठभागाला लागेपर्यंत. गोदीचा आराखडा करणारे याच स्थितीत पुरेसं स्थैर्य उरतं की नाही ते आधी तपासतात. त्या उंचीवर जहाजाच्या कुशीवर वारा किती बसेल, तोही धरावा लागतो. पाठ पाण्याबाहेर आली की स्थैर्य एकदम उडी मारून वाढतं आणि डेकवरची माणसं पुन्हा मोठ्याने बोलायला लागतात.

टाकीतलं पाणी कुठे पळतं

याच टप्प्यात टाक्या अर्धवट भरलेल्या असतात, आणि अर्धवट भरलेली टाकी म्हणजे भांडण लावून देणारा शेजारी. गोदी जरा डावीकडे कलली की आतलं पाणीही डावीकडे धावतं आणि कल वाढवतं. पसरट ताटात पाणी घेऊन चालून पाहा, अरुंद पेल्यात घेऊन चालून पाहा. फरक हातालाच कळतो.

आपल्या गोदीत पाँटून आतून एकसंध पोकळ ठेवला, तर धावणाऱ्या पाण्याने होणारं नुकसान भिंतींनी दिलेल्या ताकदीच्या जवळजवळ दुप्पट होईल. गोदी सरळ उभी राहूच शकणार नाही. म्हणून पाँटूनमध्ये लांबीच्या दिशेने जलरोधक पडदे घालतात. रुंदीचे दोन भाग केले तर नुकसान चौथ्या हिश्शावर येतं, चार भाग केले तर सोळाव्यावर. आडवे पडदेही असतात, पण त्यांचं काम वेगळं: पुढच्या, मधल्या आणि मागच्या टाक्यांतलं पाणी स्वतंत्रपणे कमी-जास्त करता यावं, आणि एखादी टाकी फुटली तर पाणी तिथेच अडावं.

गोदीचाही कणा मोडतो

पुढच्या आणि मागच्या टाक्या वेगळ्या का हव्यात, याचं फार महागडं प्रात्यक्षिक 8 ऑगस्ट 1944 रोजी झालं. तेव्हाच्या सिलोनमध्ये, त्रिंकोमालीच्या बंदरात, ‘व्हॅलिअंट’ ही ब्रिटिश युद्धनौका तरंगत्या गोदीवर घेतली जात होती. तिचा दारूगोळा भरलेलाच होता. टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम जहाजाच्या वजनाच्या वाटणीशी जुळला नाही. गोदी वाजवीपेक्षा जास्त वाकली, तिचा कणा मोडला आणि ती बुडाली. व्हॅलिअंटच्या मध्यरेषेकडच्या दोन प्रोपेलरना आणि एका सुकाणूला इजा झाली. जहाजाचे बॉयलर चालू होते म्हणून ते स्वतः निसटू शकलं.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. पाण्याचा वरचा रेटा पाँटूनच्या लांबीभर सारखा लागतो. जहाजाचं वजन मात्र सारखं पसरलेलं नसतं. इंजिनाची जागा जड, टोकं हलकी, शिवाय जहाज गोदीपेक्षा आखूड असेल तर गोदीची दोन्ही टोकं मोकळीच. सगळ्या टाक्या सारख्याच रिकाम्या केल्या तर मोकळी टोकं वर उचलली जातात आणि मध्य खाली दबतो. म्हणून जिथे जहाज जड तिथली टाकी जास्त रिकामी करायची, आणि जिथे वजन नाही तिथे पाणी राहू द्यायचं. जहाजाच्या वजनाची वाटणी जशी, तिच्या उलट पाण्याची वाटणी. डॉकमास्टर जहाज येण्याआधीच टाकीगणिक आकडे काढून ठेवतो. आपल्याकडे ‘बॅलास्ट’ म्हणजे नुसतं बुडवायचं वजन अशी समजूत असते. इथे ते जागा बदलू शकणारं वजन आहे, आणि गोदी चालवणं म्हणजे ते वजन योग्य वेळी योग्य जागी असू देणं.

गोदी किती वाकतेय ते डोळ्यांनी दिसत नाही. 150 मीटर लांबीत काही सेंटिमीटरांचा फरक. जुन्या काळी भिंतीच्या माथ्यावर एका टोकाला दुर्बीण आणि मधे व दुसऱ्या टोकाला खुणेच्या पट्ट्या लावून तो मोजत. पाण्याने भरलेल्या लांब नळीनेही मोजता येतो. आता इलेक्ट्रॉनिक साधनं तो आकडा सतत पडद्यावर दाखवतात आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवतात. ज्या गोदीत नवी साधनं आहेत पण जुन्या पट्ट्याही रंगवून जागेवर ठेवल्यात, ती गोदी शहाण्या माणसांच्या हातात आहे असं खुशाल समजावं.

ठोकळे

गोदीतली सगळ्यात साधी दिसणारी वस्तू म्हणजे ठोकळा. मधोमध कीलच्या ठोकळ्यांची रांग, दोन्ही बाजूंना कुशीचे ठोकळे. खाली काँक्रीट किंवा पोलाद, त्यावर कठीण लाकूड, आणि सगळ्यात वर मऊ लाकडाची टोपी. ही टोपी मुद्दाम मऊ ठेवतात. कुठलीही कील अगदी सरळ नसते आणि ठोकळ्यांची उंचीही मिलिमीटरपर्यंत एकसारखी नसते. मऊ लाकूड जिथे भार जास्त तिथे दबतं आणि शेजारच्या ठोकळ्यांना आपला वाटा उचलू देतं.

भार किती? 9,000 टनांचं जहाज 120 मीटर कीलवर बसलं तर मीटरमागे 75 टन. ठोकळे दीड मीटर अंतरावर असतील तर एकेका ठोकळ्यावर सरासरी 112 टन. सरासरी म्हणायचं कारण, जहाजाचा गुरुत्वमध्य रांगेच्या बरोबर मधे नसतो. मग भार एका टोकाकडे वाढत जातो आणि शेवटच्या ठोकळ्यावर सरासरीच्या बराच वर जाऊ शकतो.

ठोकळे कुठे ठेवायचे ते जहाजाच्या डॉकिंग प्लॅनवरून ठरतं. हा नकाशा जहाजासोबतच असतो. जहाजाच्या आतल्या मजबूत पडद्यांच्या आणि फासळ्यांच्या खालीच ठोकळा यायला हवा, दोन फासळ्यांच्या मधल्या पातळ पत्र्याखाली नाही. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, खोली मोजणाऱ्या यंत्राची तबकडी, टाक्यांची तळातली बुचं, यांच्यावरही ठोकळा येता कामा नये. आणि एक बारकावा फार आवडण्यासारखा आहे: ठोकळ्याखाली झाकलेल्या जागेला रंग लागत नाही. म्हणून पुढच्या खेपेला ठोकळे थोडे सरकवून मांडतात, म्हणजे मागच्या वेळी सुटलेल्या जागा आता रंगतात. कुठल्या खेपेला कुठली मांडणी होती, याची नोंद नसेल तर एकच चौकोन वर्षानुवर्षं गंजत राहतो.

बाजूचे काही ठोकळे जागेवर पक्के असतात, काही भिंतीवरून साखळीने किंवा हायड्रॉलिक यंत्राने ओढून कुशीला भिडवता येतात. सपाट तळाच्या टँकरला हे कौतुक फारसं लागत नाही. टोकदार तळाच्या युद्धनौकेला आणि टगला, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या नौकेला, फार लागतं.

पंप, व्हॉल्व्ह आणि गेलेली वीज

बुडायला वीज लागत नाही. व्हॉल्व्ह उघडले की समुद्र आपोआप आत येतो. वर यायलाच पंप लागतात. हा असमतोल लक्षात ठेवला की गोदीच्या यंत्रसामग्रीतल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो.

पंप पाँटूनच्या तळाशी असतात, पण त्यांच्या मोटारी वर, भिंतीतल्या कोरड्या खोल्यांत. दोघांना जोडणारा लांब उभा दांडा मधून खाली जातो. भिंतीच्या आत एका ठरावीक उंचीवर जलरोधक मजला असतो, त्याला सेफ्टी डेक म्हणतात. त्याच्या खाली टाक्या, वर मोटारी, विजेचे पॅनेल, जनरेटर, कोठारं. हिशेब असा करतात, की खालच्या सगळ्या टाक्या चुकून काठोकाठ भरल्या तरी सेफ्टी डेकच्या वरची पोकळी गोदीला तरंगत ठेवील. जोडीला आणखी एक साधी, बिनविजेची युक्ती असते. टाकीतली हवा बाहेर नेणारा नळ छतापासून थोडा खाली लोंबता ठेवायचा. पाणी चढत चढत नळाच्या तोंडाशी आलं की छताखाली उरलेली हवा कोंडते, दबते आणि पाण्याला पुढे येऊ देत नाही. हवेची ही गादी कुणी बटण दाबावं म्हणून वाट पाहत नाही.

सगळे व्हॉल्व्ह आणि पंप एका कंट्रोल रूममधून चालतात. ती भिंतीच्या माथ्यावर, जिथून पूर्ण गोदी दिसते अशा जागी. प्रत्येक टाकीतली पातळी, चारही कोपऱ्यांना आणि मधे गोदी किती पाण्यात आहे तो आकडा, कल, उतार, वाकणं, सगळं समोर. व्हॉल्व्ह दुरून उघडत असले तरी हाताने बंद करता आलेच पाहिजेत, आणि किनाऱ्यावरची वीज गेली तर गोदीवरच्या जनरेटरने निदान महत्त्वाचे पंप, दिवे आणि आगीचे नळ चालवले पाहिजेत.

ही नुसती काळजीखोर माणसाची यादी वाटत असेल तर 30 ऑक्टोबर 2018 ची घटना आठवावी. रशियात मूर्मान्स्कजवळ रोस्ल्याकोवोमध्ये ‘पीडी-50’ ही 330 मीटर लांबीची, 80,000 टन क्षमतेची, स्वीडनमध्ये बांधलेली गोदी होती. तिच्यावरून ‘ॲडमिरल कुझनेत्सोव’ ही विमानवाहू नौका बाहेर काढली जात होती. त्यासाठी गोदी खाली नेत असताना वीज गेली आणि गोदी आवरता न येता बुडाली. जाता जाता तिच्यावरची एक क्रेन नौकेच्या डेकवर कोसळून भगदाड पडलं. नौका तरंगत राहिली.

बाकीचा संसार

भिंतींच्या माथ्यावर रुळांवर धावणाऱ्या क्रेन असतात. प्रोपेलर, पत्रे, नांगराच्या साखळ्या त्या उचलतात. जहाज आत ओढायला कॅपस्टन आणि विंच ही दोर गुंडाळणारी यंत्रं, आणि भिंतीवरून जहाजासोबत सरकत जाणाऱ्या ट्रॉल्या. दोन भिंतींमध्ये टोकाला उघडझाप करणारा पूल, नाहीतर समोरच्या भिंतीवर जायला खाली उतरून पाँटून ओलांडावा लागेल. जहाज गोदीवर चढलं की त्याची समुद्राचं पाणी घेणारी तोंडं कोरडी पडतात. मग इंजिन थंड करायचं पाणी, आगीसाठीचं पाणी, वीज, दाबाची हवा, सांडपाण्याची वाट, हे सगळं गोदीला पुरवावं लागतं.

गोदी बांधून ठेवायची कशी, हा मजेदार प्रश्न आहे, कारण ती 9-10 मीटर वरखाली होते. किनाऱ्याला घट्ट दोर बांधले तर एक तर दोर तुटतील किंवा गोदी तिरकी लटकेल. म्हणून समुद्रतळात रोवलेल्या खांबांना सरकत्या कड्या लावतात. गोदी पुढेमागे हलत नाही, वरखाली मात्र मोकळी. खोल पाण्यात खांबांऐवजी नांगर आणि जड साखळ्या. किनाऱ्याकडून येणाऱ्या केबली आणि नळ्यांनाही तेवढीच ढील ठेवावी लागते, आणि जाण्यायेण्याचा पूल बिजागरीवर असतो.

सगळ्यांचे तळ धुणाऱ्या गोदीचा तळ कोण धुणार? तिच्याहून मोठी गोदी जवळपास बहुधा नसतेच. बर्म्युडाची गोदी एका कुशीवर कलवून तिचा तळ साफ करता येत असे. पुढे काही गोद्यांचा पाँटून सुट्या तुकड्यांचा केला गेला. भिंती अखंड, पण खालचा एखादा तुकडा सोडवून बाजूला काढायचा आणि उरलेल्या गोदीवरच चढवून दुरुस्त करायचा. अशी गोदी स्वतःची सोय स्वतः करते, पण अखंड पाँटूनची गोदी लांबीच्या दिशेने जास्त मजबूत असते. बऱ्याच ठिकाणी मग अखंड पाँटून घेऊन जाड पत्रा, उत्तम रंग आणि गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे यांवर भिस्त ठेवतात. तळापेक्षा टाक्यांची आतली बाजूच जास्त छळते. आज भरलेली, उद्या रिकामी, कायम दमट, म्हणजे गंजाला आयतंच घर.

काम झालं की जहाज परत पाण्यात. हे सोपं वाटतं, पण दुरुस्तीच्या दिवसांत जहाज बदललेलं असतं. प्रोपेलर काढून नवा बसवला, एका बाजूची इंधनटाकी साफ करायला रिकामी केली, डेकवर पत्र्यांचा ढीग राहिला. आलं तेव्हा सरळ तरंगणारं जहाज आता डावीकडे झुकून उठू शकतं, आणि ठोकळ्यावरून सुटता सुटता कुशीच्या ठोकळ्यांना चिरडू शकतं. म्हणून गोदीवर असताना काय काढलं, काय घातलं, कुठे ठेवलं याची टनांत नोंद ठेवतात आणि निघण्याआधी पाणी किंवा वजन हलवून समतोल परत आणतात. मग व्हॉल्व्ह उघडतात. पाणी तळाच्या जाळ्यांवर चढलं की गोदी थांबवतात. जहाजातली माणसं इंजिनरूममध्ये उतरून नव्याने बसवलेला प्रत्येक व्हॉल्व्ह आणि दांड्याभोवतीचं प्रत्येक पॅकिंग हात फिरवून पाहतात. कुठे थेंब दिसला तर जहाज अजून ठोकळ्यांवरच आहे, गोदी परत वर घेता येते. खालून ‘कोरडं आहे’ असा निरोप आला, की डॉकमास्टर मागच्या टोकाकडे पाहत राहतो. बहुतेक वेळा कुठलं टोक आधी सुटणार ते त्याला ठाऊक असतं, आणि ते त्याने सांगितलेल्या आकड्यावर सुटलं नाही तर तो पुन्हा सगळे व्हॉल्व्ह बंद करतो.